नऊ दिवसांची राणी आणि कादंबरीकारांची दया

तरुणांसाठीं लिहिलेलीं पुस्तकें प्रौढांनीं वाचावयाचीं नसतात, असा एक समज आमच्या पिढींत दृढ आहे, आणि आम्हीही तो बरींच वर्षें पाळीत आलों. परंतु गेल्या सुटींत एका विद्यार्थिनीनें 'माय लेडी जेन' ही इंग्रजी कादंबरी आमच्या हातीं ठेविली. तिच्या आग्रहास मान द्यावा एवढ्याच हेतूनें आम्हीं ती उघडली, आणि मध्यरात्र उलटली तरी मिटवेना. सिंथिया हँड, ब्रोडी ॲश्टन व जोडी मेडोज ह्या तीन अमेरिकन लेखिकांनीं मिळून लिहिलेली ही कादंबरी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांत इतिहास आहे, अद्भुत आहे, प्रणय आहे, आणि ह्या तिहींची मनमुराद थट्टाही आहे. ती आम्हांस कां आवडली, आणि आवडूनही मनांत एक सल कां राहिला, हें वाचकांस सांगावें असें वाटतें.

प्रथम इतिहास पाहूं. इंग्लंडचा राजा सहावा एडवर्ड १५५३ च्या जुलैंत, वयाच्या पंधराव्या वर्षीं, वारला. मरणापूर्वीं त्यानें आपल्या दोन्ही सावत्र बहिणींस डावलून आत्याची नात लेडी जेन ग्रे हिला वारस नेमिलें. ह्या व्यवस्थेमागें नॉर्थंबरलंडचा ड्यूक जॉन डडली ह्याचें बळ होतें, आणि त्याचाच मुलगा गिल्डफर्ड ह्याच्याशीं जेनचें लग्न कांहीं आठवड्यांपूर्वींच उरकण्यांत आलें होतें. १० जुलैस तिच्या नांवाची द्वाही फिरली. १९ जुलैस थोरली बहीण मेरी हिची फिरली. ज्या लंडनच्या टॉवरमध्यें जेन राणी म्हणून शिरली, तेथेंच ती कैदी झाली. १२ फेब्रुवारी १५५४ रोजीं पति-पत्नी दोघांचाही शिरच्छेद झाला. रॉजर ॲस्कम ह्या पंडितानें तिची एक आठवण लिहून ठेविली आहे. घरचीं मंडळी शिकारीस गेलीं असतां ही मुलगी एकटीच बसून प्लेटोचा 'फीडो' ग्रीक भाषेंत वाचीत होती. सॉक्रेटिसानें मरणास कसें तोंड दिलें तें सांगणारा हा संवाद. आणि तो वाचणारी मुलगी विशी गाठण्यापूर्वींच वधस्तंभाकडे जावयाची होती!

ह्या कथेवर कादंबरीनें कोणता प्रयोग केला? त्या काळीं इंग्लंडांत कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट असें जें वैर होतें, त्याच्या जागीं लेखिकांनीं दुसरेंच वैर योजिलें आहे. मनुष्यदेह टाकून पशुपक्ष्यांचें रूप घेणारे एका बाजूस, आणि त्यांचा द्वेष करणारे दुसऱ्या बाजूस. जेनचा नवरा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत घोडा असतो. राजा एडवर्ड विषप्रयोगांतून निसटतो तो पक्षी होऊन. जेनही पुढें एक चिमुकला प्राणी होते, पण ती रात्रीं. त्यामुळें दोघांस मनुष्यरूपानें भेटावयास संधिप्रकाशाच्या चार घटकाच काय त्या उरतात. हें वाचतांना संस्कृत कवींच्या चक्रवाकमिथुनाची आठवण आम्हांस अनावर झाली. ग्रंथवेडी, हट्टी, वादांत न हरणारी जेन व तिचा लाजाळू कविहृदयी नवरा ह्यांची जोडी इतकी गोड उतरली आहे कीं, घोड्यास दिवाणखान्यांत पाहूनही वाचकाचें मन शंका घेत नाहीं. शेवटीं जेन वांचते.

येथें इतिहासाचा अभिमानी विचारील कीं, हा अधिकार लेखिकांस कोणीं दिला? आमचें उत्तर असें कीं, कवींनीं तो फार पूर्वींच घेतला आहे. रसास प्रतिकूल असलेला कथाभाग कवीनें खुशाल बदलावा, असें आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोकां'त सांगितलें आहे. वाल्मीकीची सीता भूमींत जाते; भवभूतीनें 'उत्तररामचरितां'त तिला रामाशीं पुन्हां मिळविलें. नेहम टेट ह्यानें १६८१ सालीं 'किंग लिअर'चा शेवट गोड केला, आणि तो रंगभूमीवर दीर्घकाळ टिकला. शिवाय येथें फसवणूक नाहीं. आपण इतिहास बदलीत आहों हें लेखिका आरंभींच हंसत हंसत कबूल करितात. कुऱ्हाडीची आठवण असलेल्या वाचकास तर प्रत्येक विनोदाखालीं एक हुंदका ऐकूं येतो. देलारोश ह्या फ्रेंच चित्रकाराच्या १८३३ च्या चित्रांत डोळे बांधलेली जेन हातांनीं ओंडका चांचपते आहे. तें चित्र मनांत असल्यास ह्या कादंबरीचा आनंद दुणावतो.

मग सल कोठें आहे? मेरीनें जॉन फेकनम ह्या धर्मोपदेशकास जेनकडे पाठविलें होतें. तिनें त्याच्याशीं वाद केला, पण मत सोडलें नाहीं, आणि त्याच मतानिशीं ती मरणास सामोरी गेली. कादंबरींत धर्माच्या जागीं रूपांतराची विद्या येतांच हा निश्चयच नाहींसा होतो. लेखिकांनीं तिला प्राण दिले, परंतु ज्यासाठीं तिनें प्राण दिले तें काढून घेतलें. मेरीवरही अन्याय झाला आहे. शिक्षा ठोठावली गेल्यावरही तिनें जेनला जिवंत ठेविलें होतें; १५५४ च्या जानेवारींत वायटचें बंड उठलें, त्यांत जेनचा बाप सामील झाला, तेव्हां जेनचें मरण अटळ झालें. कादंबरींतील मेरी मात्र निव्वळ हास्यास्पद दुष्टा आहे. भवभूतीनें शेवट बदलला, पण सीतेचें दुःख तिळभरही हलकें केलें नाहीं. तिसऱ्या अंकांत रामास तें पुरेपूर भोगावयास लाविलें, आणि मगच मीलन घडविलें. आमच्या मतें कवीनें शेवट खुशाल बदलावा. पात्रानें मोजलेली किंमत मात्र बदलूं नये.

असो. दोष दाखविले म्हणून आनंद खोटा ठरत नाहीं. पुस्तक परत न्यावयास आली तेव्हां विद्यार्थिनीनें विचारिलें, "सर, खरी जेन कशी होती हो?" केवळ करमणुकीसाठीं लिहिलेल्या पुस्तकानें एवढा प्रश्न उत्पन्न केला, हें आम्हांस थोडें वाटलें नाहीं. आम्हीं कपाटांतून ॲस्कमचें पुस्तक काढलें, 'फीडो'ची हकीकत असलेल्या पानावर खूण घातली, आणि तें तिच्या हातीं दिलें.