वाड्यातल्या सालदाराची डायरी

भयकथा नेमकी कुणाच्या भयाची असते, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. पिंपळावरचा मुंजा काय, वाड्यातला ब्रह्मसमंध काय, मेल्यावरही त्यांची जात सुटत नाही. वाड्यात राहणाऱ्याचे भय आपण पुष्कळ वाचले. वाड्यात राबणाऱ्याचे भय त्या कथांत क्वचितच आले. हा प्रश्न माझ्यापुढे पुन्हा उभा राहिला तो एका व्हिडिओ गेममुळे. हे वाचून काही जण हसतील. हसोत.

रिसोडला भाच्याच्या संगणकावर मी 'रेसिडेंट ईव्हिल' खेळलो. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९६ साली काढलेला, शिंजी मिकामी यांनी दिग्दर्शित केलेला हा खेळ २०२४ मध्ये संगणकासाठी पुन्हा विक्रीला आला. कथा १९९८ च्या जुलैमधली. अकोल्यातून आपला वाशीम जिल्हा वेगळा झाला तोच महिना. विशेष पोलीस पथकातली माणसे जंगलातल्या एका वाड्यात अडकतात. खेळ अतिशय संथ. प्रत्येक दार सावकाश उघडते. तबकडीवरून पुढची खोली वाचून घ्यायला यंत्राला लागणारा वेळ त्या दाराआड झाकलेला होता; पण तोच वेळ काळजात शिरतो. क्रिसजवळ सहाच वस्तू मावतात, जिलजवळ आठ. गोळ्या मोजक्या. कॅमेरा कोपऱ्यात खिळलेला. खेळणारा आपल्या डोळ्यांनी पाहत नाही. वाडा त्याच्याकडे पाहतो आणि वाडा दाखवील तेवढेच त्याला दिसते. गावात कुणाच्या तरी नजरेखालून चालण्याची सवय ज्याच्या पायांना आहे, त्याला हे भय शिकवावे लागत नाही.

मात्र या वाड्यात शाप नाही, पूर्वजन्मीचे पाप नाही. अंब्रेला नावाच्या कंपनीने जमिनीखालच्या प्रयोगशाळेत विषाणू वाढवला आणि त्यातून ही चालती प्रेते झाली. खोल्याखोल्यांत सापडणाऱ्या कागदांवरून हे कळत जाते. भय माणसानेच निर्माण केले आहे, म्हणून त्याचे कारण वाचता येते. हा विचार मला मोलाचा वाटतो.

त्या कागदांत एक डायरी आहे. कंपनीची कुत्री आणि प्रयोगातले प्राणी यांना खाऊ घालणाऱ्या नोकराची. आमच्याकडे त्याला सालदार म्हटले असते. आपण काय सांभाळतो आहोत हे त्याला कुणी सांगत नाही. अपघात होतो, बाहेर पडायला बंदी होते, अंगाला खाज सुटते, आणि लिहिता लिहिता त्याची वाक्येच तुटत जातात. त्याच खोलीतल्या कपाटातून एक झोंबी बाहेर येतो. मी गोळ्या झाडल्या. गोळ्या खर्ची पडल्या म्हणून हळहळलो. तो डायरी लिहिणाराच असावा, हे मागाहून सुचले.

इथेच या खेळाशी माझे भांडण आहे. खेळात टिकायचे तर टंकयंत्रावर नोंद करावी लागते, आणि दर नोंदीला शाईची एक फीत खर्च होते. एका रात्री फीत वाचवायची म्हणून मी नोंद टाळली. वीज गेली आणि दोन तासांचे जगणे पुसले गेले. लिहिले तेवढेच उरते, हे या खेळातले सर्वांत मोठे सत्य. पण ती फीत बंदूकवाल्याला मिळते. नोकराचे लिहिणे त्याच्यासाठी सुगावा ठरते, साक्ष ठरत नाही. चांगल्या म्हटल्या जाणाऱ्या शेवटात वाडा स्फोटात उडतो. वाडा गेलाच पाहिजे. पण त्याच्यासोबत ती डायरीही जाते, याची खंत कुणाला नाही.

१९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले तेव्हा मराठीत याच्या उलट घडले. ज्याच्याविषयी इतरांनीच लिहायचे, त्याने लेखणी आपल्या हाती घेतली. कपाटातला माणूस बाहेर आला आणि बोलू लागला. वाचकाला त्याच्यावर गोळी झाडता येईना.

आपली पोरे आता संगणक शिकताहेत. उद्या खेळही घडवतील. त्यांनी वाडा खुशाल रचावा, अंधारही रचावा. पण शाईची फीत या वेळी सालदाराच्या हाती द्यावी.