आरंभमूल्याचा प्रश्न आणि रब्बी ज्वारीचा हिशेब

परभणी जिल्ह्यातील खोल काळ्या जमिनीत कोरडवाहू रब्बी ज्वारी मुख्यतः पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर वाढते. अशा पिकाला पाणी किती उरले याचा दैनंदिन हिशेब मांडणारा संगणकीय कार्यक्रम कल्पिल्यास, पेरणीच्या दिवशीची ओल दर्शविणारे चल त्यात निर्णायक ठरते. नेमके त्यालाच आरंभमूल्य द्यावयाचे राहिले तर काय घडेल?

सी भाषेत फलनातील साध्या स्थानिक चलास मूल्य न दिल्यास ते अनिश्चित राहते. व्यवहारात बहुधा स्मृतीच्या त्या जागेवरील जुना अवशेषच वाचला जातो. आधीच्या चाचणीने तेथे १२० मिलिमीटर ठेवले असतील, तर पुढची चाचणी त्या उसन्या ओलीवर उत्तीर्ण होते; एकटी चालविली की कोसळते. अशा चाचणीस लहरी ठरवून ती उत्तीर्ण होईपर्यंत पुनःपुन्हा चालविण्याची रीत रूढ आहे. खऱ्या साक्षीदारालाच खोटे पाडण्याचा हा प्रकार होय.

सर्वत्र शून्य भरावे, हा दुसरा उपाय अधिक प्रतिष्ठित आहे, आणि म्हणूनच अधिक फसवा. त्याने निकाल स्थिर होतो, परंतु ओल मोजली नाही आणि ओल नाही या दोन विधानांतील भेद पुसला जातो. भरल्या ओलीच्या रानासही मग दररोज पाणी देण्याचा सल्ला मिळेल. तोही न चुकता. चल ‘स्टॅटिक’ करणे ही त्याहून वाईट पळवाट: प्रारंभी शून्य मिळते खरे, पण मूल्य पुढच्या हाकेपर्यंत टिकते व चाचण्यांच्या क्रमाचे परावलंबन परत येते.

इशारा गप्प करण्याची किंमत २००६ साली डेबियनच्या ओपनएसएसएल संचात दिसली. अनारंभित स्मृतीविषयीच्या तक्रारीमुळे वगळलेल्या ओळींतूनच यादृच्छिकतेचे खरे बीज मिसळले जात होते. दोष २००८ मध्ये उघडकीस आला, तेव्हा एकाच प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्यांना सुमारे ३२ हजारच पर्याय उरल्याचे आढळले.

ओलीचे मोजमाप हाती आल्यावाचून हिशेब सुरूच होऊ न देणे, हा मार्ग येथे ग्राह्य आहे. जावा भाषेचा कंपायलर मूल्य न दिलेले स्थानिक चल वाचू देत नाही. सीमध्ये व्हॅलग्रिंडसारखे साधन लागते. परंतु तेही असे मूल्य एखाद्या निर्णयात वा निर्गमात उतरल्यावरच बोलते. तोवर त्या चलाचा उगम बराच मागे राहिलेला असतो.