सासष्टींतील चाळीस वर्षें : पाळकाच्या वास्तव्यकालाचा विचार

एका मंडळीपाशीं तिच्या पाळकानें किती काळ राहावें, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मसंस्थांत फार दिवसांपासून चर्चिला जात आहे. वरवर पाहतां तो इतिहाससंशोधकाच्या कक्षेंतील नव्हे. धर्माधिकाऱ्यांनीं ठरवावा व मंडळीनें मानावा, एवढाच त्याचा विस्तार वाटतो. परंतु ज्यानें जुन्या चर्चमधील बारशांच्या व लग्नांच्या वह्या हाताळल्या आहेत, त्यास हा प्रश्न पानोपानीं भेटतो. कोठें एकच हस्ताक्षर वर्षानुवर्षें चालतें, घराण्यांचीं नांवें एकाच लेखनपद्धतीनें उतरतात, आणि लिहिणारास माणसें ओळखीचीं होतीं हें अक्षरांवरून कळतें. कोठें दर दोन-तीन वर्षांनीं हात पालटतो आणि त्याबरोबर गांवाचें नांवहि पालटतें. पाळकाचा मुक्काम हा अशा रीतीनें दप्तराचाहि प्रश्न आहे.

या वादांत दीर्घ वास्तव्याच्या बाजूनें महाराष्ट्र-गोमंतकांतील जें उदाहरण हटकून पुढें केलें जातें, तें ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स याचें. ‘चाळीस वर्षें एका मंडळींत राहिला, म्हणूनच असा ग्रंथ लिहूं शकला,’ असें विधान केलें जातें. तें कितपत टिकतें, हें तपासून पाहाणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

(१)

प्रथम मूळ वादाचें स्वरूप पाहूं. ट्रेंटच्या धर्मसभेनें इ. स. १५६३ मध्यें पाळकानें आपल्या लोकांत प्रत्यक्ष राहिलें पाहिजे असा निर्बंध घातला, आणि त्याच वर्षीं विवाहाची नोंदवही ठेवण्याचें कामहि त्याजवर सोंपविलें. राहाणें व लिहून ठेवणें हीं दोन्हीं कर्तव्यें एकाच वर्षीं सांगितलीं गेलीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

याच्या अगदीं उलट टोंकास मेथडिस्ट पंथ उभा आहे. एकच उपदेशक एका जागीं वर्षभर बोलत राहिला तर तो स्वतःहि झोंपेल व श्रोत्यांसहि झोंपवील, असें जॉन वेस्लीचें मत होतें. इ. स. १७८४ च्या त्याच्या घोषणापत्रांत एका प्रार्थनामंदिरास एक उपदेशक सामान्यतः तीन वर्षांहून अधिक नेमूं नये असें कलम आहे. अमेरिकेंतील मेथडिस्टांनीं १८०४ मध्यें ही मुदत दोन वर्षांवर आणली, १८६४ मध्यें तीन केली, १८८८ मध्यें पांच केली, आणि १९०० मध्यें मर्यादाच काढून टाकली. शंभर वर्षांच्या आंत एकाच संस्थेनें चार वेळां आपलें मत बदलावें, यावरूनच नुसत्या वर्षसंख्येंत उत्तर सांपडत नाहीं हें उघड होतें.

व्यक्तींचीं उदाहरणें पाहिलीं तरी तेंच. रिचर्ड बॅक्स्टर हा किडरमिन्स्टर येथें १६४१ पासून १६६० पर्यंत, मधल्या युद्धकाळाचा खंड वगळतां, राहिला व त्यानें तें गांव पालटून टाकलें. चार्ल्स सिमियन हा केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चमध्यें १७८२ पासून १८३६ पर्यंत, म्हणजे चोपन्न वर्षें होता. आरंभीं तेथील प्रतिष्ठितांनीं आपापल्या बाकांस कुलुपें लावून त्याचा निषेध केला होता. तो दोन-तीन वर्षांत बदलला गेला असता तर इतिहासांत फक्त तीं कुलुपेंच उरलीं असतीं. उलटपक्षीं जोनाथन एडवर्ड्ससारखा विद्वान नॉर्थॅम्प्टन येथें १७२७ पासून तेवीस वर्षें राहिला, आणि १७५० मध्यें त्याच्याच मंडळीनें त्यास काढून टाकलें. आणि जॉर्ज हर्बर्ट हा बेमर्टन येथें १६३० ते १६३३ असा पुरतीं तीन वर्षेंहि नव्हता, तरी पाळकाच्या आदर्शाची चर्चा त्याला वगळून होत नाहीं. तेव्हां वर्षांचा हिशेब बाजूस ठेवून, त्या वर्षांत काय घडलें हें पाहाणेंच सयुक्तिक होय.

(२)

आतां स्टीफन्सकडे वळूं. विल्टशायरमधील बुश्टन येथील हा इंग्रज ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून त्याच वर्षाच्या आक्टोबरांत गोव्यास पोंचला. त्याचें उर्वरित आयुष्य मुख्यत्वें सासष्टींत गेलें व १६१९ मध्यें तो वारला. सासष्टी म्हणजे मुंबईनजीकची साष्टी नव्हे, तर गोव्याचा दक्षिणेकडील महाल. नांवाच्या साम्यामुळें हा घोटाळा वारंवार होतो, म्हणून येथेंच खुलासा केला.

१५७९ पासून १६१९ पर्यंतची बेरीज चाळीस होते हें खरें. परंतु हीं चाळीस वर्षें ‘एका मंडळीपाशीं’ गेलीं असें मानण्यास आधार नाहीं. जेझुइट संघाची मूळ घडणच फिरतीची. वरिष्ठाची आज्ञा होतांच जागा सोडावयाची, हा त्यांचा नियम. एका गांवचें विगारपण कायमचें पत्करणें त्यांच्या रचनेंत बसत नव्हतें. सासष्टींत त्यांनीं गांवोगांवचीं चर्चें सांभाळलीं तीं अपवाद म्हणून. स्टीफन्स हाहि त्या महालांत निरनिराळ्या कामांवर होता. तेथील विद्यालयाचा तो रेक्टरहि होता. म्हणजे चर्च बदललें असेल, अधिकार बदलला असेल, परंतु भाषा, शेतशिवार व माणसें तींच राहिलीं. तेव्हां या उदाहरणावरून सिद्ध व्हावयाचें असेल तर एवढेंच कीं, एका प्रांतांत दीर्घकाळ राहाणें फलदायी झालें. एका चर्चमध्यें दीर्घकाळ राहावें कीं नाहीं, याविषयीं तें मूक आहे. या दोन विधानांची गल्लत करूं नये.

(३)

या दीर्घ वास्तव्याचें फल कोणतें, तें ग्रंथावरून पाहावें. १५८३ मध्यें आपल्या भावास धाडलेल्या पत्रांत स्टीफन्स येथील भाषांविषयीं लिहितो, व त्यांची घडण ग्रीक-लॅटिनांशीं मिळती असल्याचें निरीक्षण नोंदवितो. म्हणजे चार वर्षांत त्यास व्याकरणकाराची दृष्टि आलेली होती. परंतु ख्रिस्तपुराण रायतूर (राचोल) येथें छापलें गेलें तें १६१६ मध्यें. पत्र व पुराण यांमध्यें तेहतीस वर्षांचें अंतर आहे. भाषा पारखण्यास चार वर्षें पुरलीं. त्या भाषेंत श्रोत्यांच्या मनास भिडेल असें लिहिण्यास तेहतीस लागलीं.

पुराणाच्या आरंभीं जो प्रसंग वर्णिला आहे, तो आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा होय. नवख्रिस्ती श्रोत्यांपैकीं एक जण पाद्रीस विचारतो, त्याचा आशय असा : आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, तर त्यांच्या जागीं आम्हांस वाचावयास दुसरें पुराण कां देत नाहीं ? हा संवाद जसाच्या तसा घडला असेल किंवा ग्रंथारंभाची रीत म्हणून रचला असेल. तरी त्यांतील मागणी खरी आहे. ही मागणी नुकत्याच आलेल्या पाद्रीजवळ कोणी करीत नाहीं, आणि केली तरी ती त्यास समजत नाहीं. संध्याकाळीं कथा ऐकण्याची संवय सुटल्यानें घरांत कोणती पोकळी निर्माण झाली, हें त्या घरांतून पुष्कळ वर्षें वावरलेल्यासच कळावें. स्टीफन्सनें उत्तर दिलें तें प्रश्नोत्तरांची पुस्तिका देऊन नव्हे, तर जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा, पहिल्या भागांत छत्तीस व दुसऱ्यांत एकुणसाठ अवसरांचा ग्रंथ देऊन. स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणण्यास तो कचरला नाहीं. ज्ञानेश्वर-एकनाथांनीं रुळविलेला ओवीछंदच त्यानें घेतला. श्रोत्यांच्या कानाचा असा अंदाज केवळ कोशावरून येत नाहीं.

तथापि सगळें श्रेय एका माणसाच्या मुक्कामास देणें हीहि अतिशयोक्ति होईल. स्टीफन्सचें कोंकणी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनीं, १६४० मध्यें, रायतूर येथें छापलें गेलें. त्यांत भर घालून तें सिद्धीस नेणारा त्याच संघाचा दियोगु रिबैरु होता. तसेंच सासष्टींतच काम करणाऱ्या एत्येन द ला क्रुवा या फ्रेंच पाद्रीनें सेंट पीटरवरील आपलें पुराण १६२९ मध्यें प्रसिद्ध केलें. म्हणजे पहिला जाण्यापूर्वीं दुसरा तयार होता, व त्याच्या हातीं कागद सुपूर्द झाले होते. आमच्या मतें या उदाहरणाचें खरें सार येथें आहे. वर्षें किती, यापेक्षां जाणाराचा व येणाराचा काळ एकमेकांत कांहीं दिवस मिसळला कीं नाहीं, हें अधिक निर्णायक ठरतें.

(४)

या चित्राची दुसरी बाजू दडवून ठेवणें संशोधकास शोभणार नाहीं. बॅक्स्टर किंवा एडवर्ड्स यांच्या मंडळींस पाळकाविषयीं कांहीं बोलतां येत होतें. एडवर्ड्सला तर तिनें निरोपच दिला. सासष्टींतील लोकांस तसा कोणताहि अधिकार नव्हता. १५६७ मध्यें त्या महालांतील देवळें पाडलीं गेलीं. १५८३ च्या जुलैमध्यें कुंकळ्ळी येथें रुडोल्फ आक्वाविवा व इतर चार जेझुइट मारले गेले. त्यांचीं प्रेतें मिळवून आणण्याच्या कामीं स्टीफन्स होता. पुढें कुंकळ्ळीच्या गांवकरांस असोळणें येथें बोलावून पोर्तुगीज सरकारनें त्यांतील प्रमुखांचा वध केला. ज्या वर्षीं त्यानें भाषांच्या सौष्ठवाविषयीं भावास लिहिलें, तें हेंच वर्ष होय.

अशा मुलुखांत पाद्री चाळीस वर्षें राहिला तो केवळ मंडळीच्या इच्छेनें राहिला, असें कोणी म्हणूं नये. त्याच्या पाठीशीं तोफा होत्या. मुक्कामाच्या लांबीवरून मंडळीच्या संतोषाचें माप काढणें म्हणूनच धोक्याचें आहे. मात्र पुराणाच्या आरंभीं तो प्रश्न नोंदविला गेला, यांत त्या मुक्या केलेल्या श्रोत्यांचा आवाज किंचित् उरला आहे. आणि तो उरण्यास लिहिणारानें ऐकण्यासाठीं थांबणें अवश्य होतें. हीं दोन्हीं सत्यें एकत्र धरलीं पाहिजेत.

(५)

पाळक गेल्यावर काय राहतें, ही शेवटची कसोटी. १६०६ च्या गोव्याच्या धर्मसभेनें स्थानिक भाषा न जाणणाऱ्यास विगार नेमूं नये असें ठरविलें होतें. १६८४ मध्यें मात्र विसरइ कोंदि द आल्व्होर याच्या हुकुमानें लोकांनींच तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें असें फर्माविलें गेलें. अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वीं जें पाळकानें शिकावयाचें होतें, तें आतां मंडळीवर लादलें गेलें. पाळकानें लोकांत किती राहावें याचा विचार करण्याचें कारणच मग उरत नाहीं.

ख्रिस्तपुराण १६१६, १६४९ व १६५४ असें तीनदां छापलें गेलें. त्यांतील एकहि छापील प्रत आज ज्ञात नाहीं. तें वांचलें तें हस्तलिखितांत, आणि त्यांतहि गोव्याबाहेर, कानडा प्रांतांत जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत. रोमन लिपींतील त्यांच्या प्रतींवरूनच जे. एल. साल्ढाना यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें ग्रंथ छापला. पुढें लंडन येथील मार्स्डेन संग्रहांत देवनागरी प्रत असल्याचें जस्टिन अ‍ॅबट यांनीं निदर्शनास आणलें, व तिच्यांतील भाषा अधिक संस्कृतप्रचुर असल्याचें दिसून आलें. १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति पुण्यास निघाली. परंतु या सर्व विद्वानांच्या आधीं जवळजवळ तीनशें वर्षें, जेथें स्टीफन्सनें कधीं पाऊल ठेवल्याचें ठाऊक नाहीं अशा घरांत, लोक तो ग्रंथ उतरून काढीत व वाचीत होते. माणसाचा मुक्काम १६१९ मध्यें संपला. ग्रंथाचा संपला नाहीं.

तेव्हां मूळ प्रश्नास आमचें उत्तर असें. पाळकानें लोकांची भाषा ऐकूं येईपर्यंत राहावें, त्यांची मागणी समजेपर्यंत राहावें, आणि मागून येणाऱ्याच्या हातीं दप्तर व ओळखीपाळखी देईपर्यंत राहावें. त्यापूर्वीं जाणें हें अर्धवट काम टाकणें होय. त्यानंतरहि केवळ अधिकारासाठीं राहाणें हें मंडळीस परावलंबी करणें होय. तीन वर्षांचा नियम पहिल्या दोषाकडे डोळेझांक करतो, व आजन्म नेमणुकीचा नियम दुसऱ्याकडे.

संग्राहकांस एक विनंति करून हा लेख पुरा करूं. ज्यांच्याजवळ ख्रिस्तपुराणाचीं सुटीं पानें किंवा जुन्या चर्चच्या वह्या असतील, त्यांनीं मजकुराबरोबरच हात कोठें पालटला तें पान, लेखकाचें नांव असल्यास तें, व समासांतील टिपा अवश्य टिपून ठेवाव्या. बांधणी करतांना समास कापूं देऊं नयेत. कोण किती दिवस राहिला व जातांना काय ठेवून गेला, याचा पुरावा बहुधा त्या दोन बोटांच्या जागेंतच असतो.