दोष खेळाचा कीं पिस्तुलाचा?

२१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांस पिस्तुलानें ठार केलें. रंगभूमीवर त्या रात्रीं देवलांची ‘शारदा’ होती. बंदी मात्र १९१० सालीं खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर आली! १९०७ पासून तें नाटक हजारोंनीं पाहिलें. पिस्तूल कितीकांनीं उचललें? कान्हेऱ्यांच्या मनांत बाबाराव सावरकरांच्या जन्मठेपेचा संताप होता आणि हातीं लंडनहून आलेलें शस्त्र होतें. १९९९ सालच्या अमेरिकेंतील कोलंबाइन शाळेच्या हत्याकांडाचें खापर ‘डूम’ या व्हिडिओ खेळावर फोडणारांनीं हीच चूक केली. जपानांत असे खेळ घरोघर आहेत. पण बंदुका दुर्मिळ, म्हणून बंदुकीचे बळीही थोडे. भडगावच्या मुलांहातीं आलेले हे खेळ हीन अभिरुचीचे वाटल्यास टीकाकारानें तसें खुशाल म्हणावें. परंतु टीकाकाराचा अभिप्राय म्हणजे फौजदाराचा पुरावा नव्हे.