चाचणीतला रस्ता आणि मुरबाडचा रस्ता

दुचाकीस्वाराचा संरक्षक पोशाख कितपत विश्वासार्ह, याचे उत्तर बहुधा लेबलावरच्या अक्षरांत शोधले जाते. ईएन १७०९२ या युरोपीय मानकाने (२०२०) ए, एए, एएए अशा श्रेणी ठरवल्या. सर्वाधिक धोक्याच्या भागांसाठी घासण्याची चाचणी अनुक्रमे ताशी ४५, ७० आणि १२० किलोमीटर वेगाशी जोडलेली आहे. शहापूर-मुरबाडकडे पाड्यावरच्या शाळेत दुचाकीने जाणाऱ्या शिक्षकाला या अक्षरांचा उपयोग किती?

घसरण्याचे गणित वर्गातही करता येईल. वेग ताशी ६० किमी, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. घर्षणांक ०.७ धरला तर स्वार सुमारे २० मीटर फरफटतो आणि थांबायला जवळजवळ अडीच सेकंद लागतात. साधी सुती पँट तेवढा वेळ टिकत नाही. पुढचे घर्षण कातडी सोसते. तेव्हा मानकाचा पाया पक्का आहे. कोपर-गुडघ्याच्या पॅडवर ५० ज्यूलचा आघात करून (५ किलोचे वजन साधारण १ मीटरवरून पडावे तसा) पलीकडे पोचणारे बल मोजतात. मात्र ट्रकवर थेट आदळल्यास पॅडचे फारसे चालत नाही, हे जाहिरातीत नसते.

प्रत्यक्ष अपघातांत काय दिसते? कॅनबेरा परिसरातील २१२ अपघातग्रस्त स्वारांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तो या मानकाच्या आधीचा. दुचाकीसाठीच्या खास जाकिटांपैकी २९.७ टक्के, तर पँटींपैकी २८.१ टक्के अपघातात निकामी ठरल्या. तरीही ते घालणाऱ्यांना इस्पितळात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण कमीच होते.

माझा आक्षेप वेगळा आहे. श्रेणीच्या अक्षरात हवामानाला स्थान नाही. जलरोधक अस्तरातून घामाची वाफ बाहेर पडते ती आतल्या-बाहेरच्या बाष्पदाबातील फरकामुळे. जुलैत माळशेज घाटात हवाच बाष्पाने भरलेली. फरक घटतो, आणि वरचे कापड भिजले की उरलेली वाटही अडते. मे महिन्यात तर एएए जाकीट खुंटीवरच राहते. अंगावर नसलेल्या जाकिटाची श्रेणी कोणती म्हणायची? ऑस्ट्रेलियातील मोटोकॅप हा उपक्रम २०१८ पासून संरक्षण आणि सुखदता यांचे गुण वेगवेगळे देतो. ठाणे जिल्ह्यातल्या ग्राहकाला तो तक्ता अधिक उपयोगी. उन्हाळ्यासाठी जाळीदार ए श्रेणीचे जाकीट घेणे मला त्यामुळेच गैर वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. चाचणी नव्या कापडावर होते. अ‍ॅरामिड तंतू अतिनील किरणांनी कमकुवत होतात; भिजलेले जाकीट शाळेच्या पत्र्यावर उन्हात न टाकता पडवीत वाळवावे.