‘बालेकिल्ला’ म्हणजे नेमकं काय? सांगोल्याच्या निवडणुका पुन्हा वाचताना



मतदारसंघाचा इतिहास सांगण्याचा आपल्याकडे एक ठरलेला साचा आहे. निवडणूक जाहीर झाली की वर्तमानपत्रांत ‘मतदारसंघाचा लेखाजोखा’ येतो. वर आजवरच्या आमदारांची यादी, मध्ये जातींची गणितं आणि शेवटी ‘यंदा गड राखणार का?’ हा प्रश्न. आज आम्हाला या साच्याबद्दलच तक्रार मांडायची आहे. त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातला सांगोला घेतला, कारण या साच्याचं सगळ्यात लाडकं उदाहरण तेच आहे.

गोष्ट तुम्हाला पाठ असेल. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख 1962 मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि 2014 पर्यंत एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून 11 वेळा आमदार झाले. साधी राहणी, एसटीचा प्रवास, हातात लाल झेंडा. 2021 मध्ये आबासाहेब गेले तेव्हा बहुतेक मृत्युलेखांत हेच होतं. ते खोटं नाही. माणूस मोठा होता, आणि त्यांच्याबद्दलचा आदर बाजूला ठेवून आम्ही हे बोलत नाही. पण हे झालं एका आमदाराचं चरित्र. मतदारसंघाचा इतिहास म्हणजे मतदारांचा इतिहास, आणि तो या गोष्टीत कुठे आहे?

आधी तो विक्रम घेऊ. ‘देशात असं दुसरं उदाहरण नाही’, असं सर्रास लिहिलं गेलं. केरळमधल्या पाला मतदारसंघातून के. एम. मणी 1965 ते 2016 या काळात 13 निवडणुका जिंकले. म्हणजे विक्रम म्हणूनही हे वाक्य तपासून लिहिलेलं नाही. आणि विक्रम मोजायला बसलं की दुसरी चूक होते. 11 विजयांवर नजर खिळते आणि मधले दोन पराभव ‘अपवाद’ म्हणून एका ओळीत संपतात. आमच्या मते सांगोला समजून घ्यायचा तर त्या दोन पराभवांपासून सुरुवात करायला हवी.

पहिला पराभव 1972 चा. बांगलादेश युद्धानंतरची ती निवडणूक. काँग्रेसला राज्यात 270 पैकी 222 जागा मिळाल्या. त्या लाटेत भलेभले वाहून गेले, तसे गणपतरावही. 1974 च्या पोटनिवडणुकीत ते परत आले. इथवर समजण्यासारखं आहे: लाट आली, ओसरली.

1995 चा पराभव मात्र वेगळा. त्या वर्षी राज्यभर हवा काँग्रेसच्या विरोधात होती आणि शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. सांगोल्यात काय झालं? तिथे काँग्रेस जिंकली! शहाजीबापू पाटील 192 मतांनी निवडून आले. म्हणजे राज्य सत्ताधाऱ्यांना घरी बसवत होतं, तेव्हा सांगोल्याने विरोधी बाकांवरच्या आपल्याच आमदाराला घरी बसवलं. बघा, हा निकाल कुठल्याच लाटेत बसत नाही. तो स्थानिक आहे. इथल्या अर्ध्याअधिक मतदारांना बदल हवा होता, एवढं तो स्पष्ट सांगतो. पण लेखाजोख्यात याची नोंद कशी होते? ‘1995 मध्ये निसटता पराभव.’ निसटता कोणासाठी? ज्यांनी दुसरीकडे मत दिलं, त्यांच्या हातून काहीच निसटलं नव्हतं.

साच्यातलं दुसरं साधन म्हणजे जातीचं गणित. गणपतराव धनगर समाजाचे, तालुक्यात धनगर समाज मोठा, म्हणून ते निवडून येत, असं सोपं उत्तर दिलं जातं. समाजाचा आधार होता, हे कुणीच नाकारत नाही. पण समाजाची लोकसंख्या पाच वर्षांत बदलत नाही, निकाल बदलतो. 1990 ला जिंकणारं गणित 1995 ला का हरलं आणि 1999 ला पुन्हा का जिंकलं, याचं उत्तर जातीत मिळत नाही. जे कायम आहे, त्यावरून बदलाचं कारण कसं सांगणार?

आम्हाला विचाराल तर इथे पाण्याचा हिशेब आधी मांडायला हवा. सांगोला हा कायमचा दुष्काळी तालुका. माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी. नीरा उजव्या कालव्याचं पाणी यायचं ते शेवटच्या टोकाला, म्हणजे वरच्यांचं भागल्यावर उरलंसुरलं. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांची वाट बघण्यात पिढ्या गेल्या. आटपाडीच्या पाणी परिषदांमध्ये नागनाथअण्णा नायकवडींबरोबर गणपतराव उभे राहिले, ते याच प्रश्नावर. शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली, माळरानावर डाळिंब आलं. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण त्याच कामाची दुसरी बाजूही आहे. विरोधी पक्षाचा आमदार पाण्यासाठी भांडतो, आणि पाणी सोडायचं ते सरकार. गणपतराव मंत्री झाले ते 1978 आणि 1999 मध्ये, दोन्ही वेळा आघाडीच्या सरकारांत आणि थोड्या काळासाठी. बाकी सारी वर्षं संघर्षाची. मग दर पाच वर्षांनी मतदारापुढे खरा प्रश्न असायचा: भांडणारा पाठवायचा, की सत्तेतला? कधी एक उत्तर आलं, कधी दुसरं. ही भक्ती नव्हे, हा व्यवहार आहे. आणि व्यवहार म्हणण्यात मतदाराचा अपमान नाही, उलट त्याला शहाणा मानणं आहे.

आता ‘लाल बावट्याचा बालेकिल्ला’ हा शब्दप्रयोग घेऊ. 1962 मध्ये शेकापचे राज्यात 15 आमदार होते. 2014 मध्ये तीन, 2019 मध्ये एक, आणि तोही सांगोल्यातला नव्हे. पक्ष राज्यभर आटत गेला आणि सांगोला टिकला. मग किल्ला पक्षाचा होता, की माणसाचा? परीक्षा 2019 ला झाली. गणपतराव स्वतः थांबले. शेकापने आधी दुसऱ्याचं नाव जाहीर केलं, मग ते बदलून नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उभं केलं. शहाजीबापू, या वेळी शिवसेनेचे, 768 मतांनी जिंकले. 1995 चे 192 आणि हे 768, दोन्ही मिळून हजारही भरत नाहीत. इतक्या काठावर असलेल्या जागेला किल्ला म्हणायचं कसं?

2022 मध्ये याच शहाजीबापूंचं गुवाहाटीहून केलेलं फोनवरचं बोलणं, झाडी-डोंगर-हाटीलवालं, घराघरांत पोचलं. उभ्या महाराष्ट्राला सांगोला कळला तो हसण्यावारी. आणि 2024 ला गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख 25 हजारांहून अधिक मतांनी जिंकले. लगेच मथळे आले: ‘गड परत मिळवला.’ पण आकडे बघा. लढत तिरंगी होती. शिवसेनेच्या दोन्ही बाजूंचे उमेदवार रिंगणात होते, आणि शहाजीबापू व दीपक साळुंखे यांची मतं एकत्र केली तर ती विजेत्यापेक्षा जास्त भरतात. ती सगळी एका ठिकाणी पडली असती असं आम्ही म्हणत नाही. पण ज्या निकालात बहुसंख्य मतं विजेत्याच्या बाहेर आहेत, त्याला ‘परत आलेला गड’ म्हणणं हे वाचन नव्हे, आठवणींचा सोहळा आहे. शेकापचे राज्यातले एकमेव आमदार आज एका घरातून येतात, आणि घराणेशाहीवर टीका करणाऱ्या पक्षाने या गोष्टीचा हिशेब द्यायला हवा. तो प्रश्न लेखाजोख्यात कुणी विचारत नाही.

मग इतिहास लिहायचा कसा? आमचं मागणं साधं आहे. हरलेल्यांची मतं विजेत्याच्या मतांइतक्याच काळजीने मांडा. 2014 मध्ये गणपतराव 94 हजारांहून अधिक मतं घेऊन जिंकले, तेव्हा शहाजीबापूंकडे 69 हजार होती. ही माणसं कुठल्या गावची, कालव्याच्या कुठल्या टोकाची? मतदारसंघ पुनर्रचनेत पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडल सांगोल्याला जोडलं गेलं, त्याने समतोल कसा बदलला? निवडणूक आयोग केंद्रनिहाय आकडे प्रसिद्ध करतो. ते घेऊन गावोगाव फिरा.

‘बालेकिल्ला’ हा शब्द आम्हीही वर्षानुवर्षं वापरला, म्हणून हे थोडं स्वतःलाच सुनावणं आहे. किल्ल्यात राहणारी असते ती रयत. तिला कुणी विचारत नाही, किल्ला फक्त राखला जातो किंवा पडतो. सांगोल्याच्या मतदाराने 1972, 1974, 1995, 1999, 2019 आणि 2024 अशी सहा वेळा आपली निवड फिरवली. इतक्या वेळा मन बदलणाऱ्या माणसांना आपण रयत म्हणत राहिलो, ही चूक त्यांची नाही. लिहिणाऱ्यांची आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.