कूट आणि न्याय

व्यासांनीं महाभारत सांगावें, गणपतीनें तें न थांबतां लिहावें, आणि अर्थ उमगल्यावांचून एकही श्लोक लिहूं नये, असा करार झाल्याची कथा वाचकांच्या परिचयाची आहे. लेखणीची गति आवरावी म्हणून व्यासांनीं मधून मधून कूटश्लोक घातले. परंपरा त्यांची संख्या ८८०० सांगते. या कथेचें मर्म आम्हांस असें वाटतें कीं, कूटानें गणपतीस थांबविलें, पण परत पाठविलें नाहीं. अर्थ सांपडण्याजोगा नसता, तर ग्रंथच अपुरा राहिला असता.

हाच न्याय पुढें शास्त्रांत आला. दंडीनें 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले, जाणत्यांच्या बैठकींतील विनोद हा त्यांचा एक उपयोग मानला, आणि पूर्वाचार्यांनीं चौदा सदोष प्रहेलिकाही गणल्या आहेत, हें नमूद केलें. अर्थात् कूट म्हणजे वाटेल तसें गूढ बोलणें नव्हे. इंग्रजी शब्दकोड्याचा प्रवासही असाच झाला. १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' पत्रांत आर्थर विन यानें पहिलें कोडें छापलें, तें बहुतेक सरळ अर्थांचें होतें. १९२६ पासून लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्यें 'टॉर्केमाडा' या टोपणनांवाच्या कोडेंकारानें कूटाची कला वाढविली. त्याच्यामागून आलेल्या 'झिमेनीझ'नें १९६६ च्या आपल्या ग्रंथांत नियम बांधले. सूत्राच्या एका भागानें शब्दाचा अर्थ सांगावा, दुसऱ्यानें त्याची घडण सांगावी, आणि भरीचा शब्द एकही नसावा.

आमच्या नियतकालिकांतील शब्दकोडीं मात्र बहुधा पर्यायशब्द विचारून थांबतात. मराठींत कूटसूत्र साधत नाहीं, हें त्याचें कारण खचित नव्हे. नमुन्यादाखल बीड जिल्ह्याचाच नकाशा पुढें घेऊं. 'ओतीव लोखंडाचा जिल्हा, अक्षरें दोन': ज्याच्या घरीं बिडाचा तवा आहे, त्यास उत्तर दूर नाहीं. 'लक्ष्मीमागें पाणी, पाण्यामागें वस्ती, सिंदफणेच्या धरणापाशीं पाहा, अक्षरें पांच': मा म्हणजे लक्ष्मी, पुढें जल, पुढें गांव, मिळून माजलगांव.

आमच्या कोड्याच्या घरांत सुटा वर्ण नव्हे, तर काना-मात्रेसह सबंध अक्षर बसतें. म्हणून येथें शिस्त अधिक कडक हवी. समजा, कोडेंप्रेमींच्या बैठकींत एकानें सूत्र मांडलें: 'दिन उलटला, जशी सिंदफणा'. उत्तर नदी. ऐकतांना गोड वाटतें. पण शेजारचा म्हणेल, 'अहो, दिन उलटल्यास नदि होतें, नदी नव्हे!' या हरकतीस क्षुद्र म्हणूं नये. कानास खपलेली चूक घरांत उघडी पडते, आणि ती दाखविणारा मित्रच सूत्रकाराचा खरा टीकाकार होय. मग दुरुस्ती होते: 'दीनाला माघारीं फिरवी ती, उदाहरणार्थ सिंदफणा'. ह्रस्वाचा दीर्घ झाला आणि अर्थही गंभीर झाला. दरवर्षीं या जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें ऊसतोडणीसाठीं परमुलखीं जातात; घरच्या नदीला पुरेसें पाणी असतें, तर त्यांतलीं किती माघारीं फिरलीं असतीं, हें दोन अक्षरांचें कोडें विचारून जातें.

लपविण्याचे हेतु दोन असतात. याच जिल्ह्यांत गोदाकांठीं पांचाळेश्वर हें महानुभावांचें तीर्थ आहे. त्या पंथानें आपले ग्रंथ सकळ लिपींत जपले. अक्षरांची अदलाबदल केली, ती परक्यानें वाचूं नये म्हणून. ज्याजवळ किल्ली नाहीं, त्यास तें दार बंद. कूटाची किल्ली मात्र कूटांतच ठेवलेली असते. शोधणारा परका असला तरी तो पाहुणा असतो. मराठी कोडेंकारांस आमचें मागणें एवढेंच: अर्थ अवश्य लपवावा, पण सांपडेल असा लपवावा.